चेहऱ्यापुरता उजेड

लातुरात त्यांना फोटोग्राफर असं कोणी म्हणत नसे. सगळं गाव त्यांना ‘थांबामामा’ म्हणायचं, तेही तोंडावर. माणूस समोर उभा राहिला, केसांवरून हात फिरवला, श्वास रोखला, की मामा कॅमेऱ्यावरचं डोकं वर काढायचे, आभाळाकडं बघायचे आणि म्हणायचे, “थांबा.” त्या एका शब्दापायी किती नवरदेव घामाघूम झाले आणि किती तान्ही लेकरं कॅमेऱ्यासमोरच झोपी गेली, याला गणती नाही. मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मला वाट बघायला लावणारा माणूस मला सहन होत नाही. आणि या माणसानं मला आठ महिने वाट बघायला लावली, तीही माझ्या आईच्या चेहऱ्यासाठी.

माझ्या आईचा एकही धड फोटो नव्हता. म्हणजे फोटो तीन होते, पण त्यांत आई नव्हती. एक भावाच्या लग्नातला, एक काकांच्या घराच्या वास्तुशांतीचा आणि एक देवणीच्या प्रदर्शनात आमच्या खोंडाला बक्षीस मिळालं तेव्हाचा. तिन्ही फोटोंत पुरुषांचे पटके, धोतरं, खोंडाची शिंगंसुद्धा स्वच्छ आलेली. आईच्या जागी मात्र पदराखाली एक काळा डाग. आम्ही देवणीकडचे लिंगायत, घरात निम्मं बोलणं कानडी, म्हणून आईला अव्वा म्हणायचो. अव्वा डोक्यावरचा पदर पार भुवयांपर्यंत ओढायची, आणि फोटोवाले माप धरायचे ते पांढऱ्या पटक्यांचं. मग पदराच्या सावलीतलं तोंड कशाला येतंय? माझी भाची त्या डागावर बोट ठेवून विचारायची, “ही कोण?” आम्ही सांगायचो, “आज्जी.” ती म्हणायची, “कुठाय?” आम्ही सगळे हसायचो. पुढं अव्वाला दम लागायला लागला, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन “आता जपा त्यांना” म्हणून सांगितलं, आणि त्या ‘कुठाय’ची मला भीती वाटायला लागली. अव्वा जायच्या आत तिचा चेहरा दिसेल असा एक तरी फोटो मला पाहिजे होता. बास, एवढंच.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. मी नांदेडला टायपिस्ट होते. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालयं उघडायला लागली तशी बदली मागून आले आणि दोन खोल्या भाड्यानं घेऊन अव्वाला गावाहून आणलं. गावभर ऑइलपेंटचा वास. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ खरवडून त्याजागी ‘जिल्हा लातूर’ लिहिणारे पेंटर शिड्या लावून बसलेले. मामासुद्धा त्याच लाटेत आले होते. ते मूळ भोकरकडचे, बौद्ध घरातले. वडील खडी फोडायच्या कामावर होते. नांदेडला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली फोटोचं काम शिकले आणि जिल्हा जाहीर होताच बायकोला घेऊन लातुरात आले. का, तर त्यांचा हिशेब सरळ होता. “जिल्हा झाला की हापिसं येतात, ताई. हापिसं आली की अर्ज आले. अर्जाला फोटो लागतो का न्हाई?”

हिशेब बरोबर, पण माणूस धंद्याचा नाही. पुढं स्टुडिओ, मागं दोन खोल्यांचं घर, मधल्या दारावर बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि बाहेर पाटी: ‘घाई असेल त्यांनी समोरच्या स्टुडिओत जावे.’ समोरचा स्टुडिओवाला त्या पाटीवर इतका खूश होता, की दरवर्षी दिवाळीला मामांकडं फराळ पाठवायचा.

मामांकडं उजेड मोजायचं यंत्र होतं, उस्तादानं दिलेलं. ते कधी वापरताना मी पाहिलं नाही. “त्याला पांढरा पटका दिसतो,” ते म्हणायचे, “पटक्याखालचं माणूस दिसत न्हाई.” त्यांचं यंत्र म्हणजे त्यांचा डावा तळहात. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या गालाजवळ तळहात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि हातावरच्या रेषा बघायच्या. सगळ्या रेषा दिसल्या तर एवढं, जाड तेवढ्याच दिसल्या तर एवढं. कॅमेऱ्याच्या भोकाला ते खिडकी म्हणायचे आणि आतल्या पडद्याला पापणी. “खिडकी किती उघडायची अन्‌ पापणी किती वेळ उघडी ठेवायची, एवढंच शिक्षण हाय ह्याच्यात. बाकी समदं पावडर लावणं.” नवख्या बाईच्या गालाजवळ असा हात गेला की बाई दचकायची. एकदा एका नव्या नवरीच्या भावानं मामांची गचांडीच धरली होती. मामा तशाही अवस्थेत तळहात बघत म्हणाले, “मालक, जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडून राहिली.”

दुपारी बारा ते तीन ते कोणाचाच फोटो काढत नसत. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या जागी खड्डे येतात, हे त्यांचं म्हणणं. रस्त्यानं चालतानाही त्यांचं लक्ष माणसांवर नसे, माणसांवर पडलेल्या उजेडावर असे. मी एकदा भाजी घेत होते, तर मागून आवाज आला, “ताई, हलू नका.” मला वाटलं पायाशी साप आहे की काय! मामा म्हणाले, “काही न्हाई. भिंतीचा उजेड लई चांगला आला तुमच्यावर. कॅमेरा न्हाई आणला. जावा आता.” काय बोलणार अशा माणसाला?

त्यांचं काम मी पहिल्यांदा ओळखलं ते आमच्या कार्यालयाच्या उद्‌घाटनात. खात्याचं नाव सांगत नाही, अजून तिथली माणसं रस्त्यात भेटतात. मुंबईहून पाहुणे आले होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र. वेळ नेमकी साडेबाराची. पुढच्या रांगेत पाहुणे आणि साहेब लोक उन्हात, मागं पोर्चच्या सावलीत आम्ही कारकून, शिपाई, आणि सगळ्यांत कडेला झाडणाऱ्या शेवंताबाई. मामा म्हणाले, “थांबा.” पाहुणे थांबले. मामा आभाळाकडं बघतायत, पाहुणे घड्याळाकडं. शेवटी आमचे मोठे साहेब दात चावून म्हणाले, “अहो, काढा ना!” मामा उठले, पुढची सगळी रांग ओलांडून मागं आले आणि शेवंताबाईंच्या गालाजवळ तळहात धरला. मग परत जाऊन एकच फोटो काढला.

तो फोटो आला तेव्हा कार्यालयात भूकंप. शेवंताबाईंच्या नाकातली मोरणीसुद्धा दिसत होती. शिपायाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं. आणि पाहुण्यांच्या जागी एक पांढरा पत्रा, त्यावर मिशा.

“पाहुण्यांचे कपडे कुठं गेले?” साहेब ओरडले.

“कपडे त्यांच्या अंगावरच हायेत की,” मामा म्हणाले. “ते पांढरे हायेत हे समद्या जिल्ह्याला ठाऊक हाय. फोटोत कशाला सांगायचं? माणसं बघा, साहेब. एक तरी काळं पडलंय का?”

“तुम्हाला झाडणारीचा फोटो काढायला बोलावलं होतं का?”

“तसं न्हाई. पण उजेडात समद्यांत मागं त्याच होत्या. मागच्याला धरून माप घेतलं तर पुढच्यांचं फार तर धोतर जातं. पुढच्याला धरून घेतलं तर मागची माणसंच जातात.”

साहेबांनी फोटो त्यांच्या अंगावर फेकला. त्यानंतर आमच्या कार्यालयाचं काम समोरच्या स्टुडिओकडं गेलं, ते कायमचं. मी मात्र त्याच संध्याकाळी मामांच्या दुकानात गेले. म्हटलं, पदराखालची अव्वा या जगात कोणी काढू शकत असेल तर हाच माणूस. त्यांना सगळं सांगितलं, तो काळा डाग, भाचीचं ‘कुठाय’, डॉक्टरांचं बोलणं. मामांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, “आणा अव्वाला. चेहरा देतो तुम्हाला. वचन.”

अव्वाला न्यायचं म्हणजे दिव्य. “ब्याड ग, मला नको तो फोटो,” म्हणत ती रिक्षात बसली आणि स्टुडिओच्या दिव्यांसमोर बसवल्याबरोबर पदर आणखी दोन बोटं खाली ओढला. मामांनी तळहात धरला, बघितलं, दिवे विझवले. म्हणाले, “न्हाई. इथं ह्या पाहुण्या हायत. पाहुणीचा फोटो काढून काय करता? घरी येतो.” दुसऱ्यांदा नेली, तेव्हा त्यांनी तिला दारात बसवून बघितलं. तेही पसंत पडलं नाही. मग ते घरी आले. आमचं अंगण पूर्वेचं, समोरच्या घरावर नवा कोरा पत्रा, त्याची तिरीप सरळ आमच्या दारात. अव्वा डोळे बारीक करून बसली. मामा तासभर अंगणात फिरले, इकडं हात धर, तिकडं हात धर. लिंबाच्या झाडाखाली नेऊन बसवलं तर शेळ्यांसाठी ओरबाडून झाडाला पान उरलेलं नाही. सावली कसली, नुसत्या काड्यांच्या रेघा तोंडावर.

“थांबा,” शेवटी म्हणाले. “ढग पाहिजे. ढगाळ दिवस आला की उजेड चाळणीतून गाळल्यावाणी पडतो. पदराच्या आतसुद्धा जातो. पावसाळा तोंडावर हाय. पहिला ढग आला की मी आलोच.”

आणि त्या वर्षी ढग आला नाही.

दुष्काळ म्हणजे काय, हे मी नव्यानं सांगायला नको. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. जिल्हा झाल्याचे फटाके वाजवलेली माणसं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली. सगळं गाव मान वर करून आभाळ बघायचं. पण ते पाण्यासाठी, आणि मामा एकटे माझ्या आईसाठी. रस्त्यात भेटले की मी काही विचारायच्या आतच म्हणायचे, “बघून राहिलो, ताई. पाळत ठेवूनच हाय.” मी चिडायचे. “मामा, नुसता साधा काढा ना! कसाही येऊ दे.” ते मान हलवायचे. “कसाही तर तीन हायेत तुमच्याकडं.”

अव्वाला मात्र या सगळ्याची भारी गंमत वाटायची. शेजारणींना सांगायची, “माझ्या फोटूसाठी पाऊस अडलाय बघा. त्या देवाला म्हणावं, फोटू राहू दे, पाणी पाड.”

एकदाच, आश्विनात, चुकून एक ढग आला. मी घरीच होते, रविवार होता. अंगण एकदम मऊ झालं, पत्र्याची तिरीप विझली. दहा मिनिटांत मामा सायकल फेकतच दारात, गळ्यात कॅमेरा, श्वास वर लागलेला. “अव्वा कुठं?” अव्वा पलीकडच्या गल्लीत टँकरच्या रांगेत उभी होती, मी नको म्हणत असतानाही जायची. मी धावत गेले. म्हटलं, “चल लवकर, ढग आलाय!” तर रांगेतल्या बायका वर बघायला लागल्या. अव्वाचा नंबर तिसरा होता. म्हणाली, “पाणी घेऊनच येते. फोटू काय, उद्याबी निघंल.” घागर भरून, दम खात, ती अंगणात पोचली तेव्हा ऊन पुन्हा लख्ख पडलं होतं. मामा अंगणाच्या मधोमध आभाळाकडं बघत उभे. त्या दिवशी त्यांनी आभाळाला ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत. अव्वा पदर तोंडाला लावून हसत होती. तेवढ्यापुरता पदर खाली कुठं, वर कुठं, याचं तिला भान नव्हतं. मला आजही वाटतं, त्याच वेळी फोटो काढायला पाहिजे होता, उन्हात, खड्ड्यांसकट!

माघात अव्वा गेली. सकाळी चहा मागितला, मी घेऊन आले तर भिंतीला टेकून बसलेली, आणि बसलेलीच राहिली.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म, गळ्यात हार, बसलेलंच नेतात. आणि निघण्याआधी सगळं घर भोवती उभं राहून एक फोटो काढतात. बऱ्याच बायकांचा तो पहिला आणि शेवटचा फोटो असतो. दहापर्यंत गावाकडून भाऊ, काका, काकू सगळे आले. अव्वाला मधल्या खोलीत दाराकडं तोंड करून बसवलं होतं. खोलीत अंधार, दाराबाहेर पांढरं जाळ ऊन. लाईट नव्हती. भावानं मामांच्या समोरच्या स्टुडिओवाल्याला निरोप धाडला होता. तो फ्लॅश घेऊन हजर झाला. तेवढ्यात दारात मामा दिसले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. सगळ्या नातेवाइकांसमोर मी ओरडले, “आला का तुमचा ढग? आठ महिने थांबा, थांबा! आता काढा म्हणावं, आता हलायची नाही ती!”

समोरचा स्टुडिओवाला तसा भला माणूस. त्यानं फ्लॅश खाली घेतला. मामा त्याला हळूच म्हणाले, “भस्मावर फ्लॅश मारला तर कपाळ तेवढं उरंल. मला धा मिनिटं दे.” विधी करायला आलेले जंगम स्वामी म्हणाले, ऊन चढायच्या आत निघायला पाहिजे. काकू पुटपुटल्या, “ह्यांना आत कशाला घेता? दारातून काढा म्हणावं फोटो.” मामांनी ते ऐकलं. म्हणाले, “दारातून उजेड येऊन राहिलाय, बाई. मी दारात उभा राहिलो तर आडवा येईन.” आणि ते आत आले.

आत येऊन त्यांनी अव्वाच्या गालाजवळ तळहात धरला. न लावता. बराच वेळ धरला. हातावरची एकही रेष दिसत नसावी, कारण त्यांनी डोळा मिटलाच नाही. मग त्यांची नजर दाराबाहेर गेली. दांडीवर भावाचं धुतलेलं धोतर वाळत होतं. मामा ताडकन उठले, धोतर ओढलं, शेजारच्या दोघा बाप्यांच्या हातात त्याची टोकं दिली आणि त्यांना बाहेर उन्हात, दारासमोर उभं केलं. “ताणून धरा. जरा वर. आता आतल्या अंगाला वाकवा.”

आणि खोली उजळली. मी खोटं सांगत नाही. त्या धोतरावरचं ऊन मऊ होऊन दारातून आत आलं आणि अव्वाच्या तोंडावर पडलं. काकूंचं रडणं थांबलं. मामा तिथंच धोतराकडं बघत उभे राहिले, कोणी थोबाडीत मारावी तसे. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ताई, पदर जरा मागं घ्या. मी हात लावत न्हाई.”

मी पदर मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो पुन्हा पुढं ओढला नाही.

“श्वास धरा समदे,” मामा म्हणाले आणि पापणी उघडी ठेवून मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. तिसऱ्याला माझा हुंदका फुटला.

आमच्यात तिसऱ्या दिवशी विधी असतो. त्या दिवशी पाटावर फोटो ठेवायचा होता. भाऊ दुकानावर गेला, तर मामा म्हणाले, “थांबा.” विधी फोटोविनाच झाला. चौथ्या दिवशी भाऊ पुन्हा गेला, परत तेच. पाहुणे निघून गेले, भाऊ गावी गेला. नवव्या दिवशी मामा वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो घेऊन आले. ओठ फुटलेले, डोळे लाल. मी दारातच त्यांना सुनावलं. “जिवंतपणी थांबवलं ते थांबवलं, मेल्यावर तरी वेळेवर द्यायचा होता! आता पुन्हा या दारात येऊ नका.” ते “हाव, ताई” एवढंच म्हणाले आणि गेले. पैशाचं नाव काढलं नाही. मीही नाही.

मग फोटो उघडला. अव्वा होती. सगळी होती. कानाजवळचा तीळ, गालावरची देवीची पुसट खूण, आणि ओठाचा डावा कोपरा किंचित वर, कोणाची तरी चेष्टा करायच्या बेतात असायची तसा. बाकी आम्ही सगळे हललेलो. भावाला दोन नाकं, काकू धुरकट, आणि मी तर नुसता फराटा. एवढ्या माणसांत ती एकटीच नीट आलेली. मी फोटो छातीशी धरून पोटभर रडले, पण मामांवरचा राग काही गेला नाही. वर्षभरात नांदेडला परत बदली झाली, लग्न झालं. लातूरला जाणं झालं तरी त्या रस्त्यानं मी गेले नाही. एकदा लांबून सायकलवर दिसले, मी तोंड फिरवलं.

पुढची हकीकत पुष्कळ वर्षांनंतरची. नांदेडला घर बदलताना अव्वाच्या फोटोची काच फुटली. फ्रेमवाल्याकडं नेला. तो म्हातारा, पूर्वी स्वतः डार्करूममध्ये काम केलेला. फोटो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघत म्हणाला, “बाई, हा कुठला?”

“लातूरचा. तिकडच्या दुष्काळातला.”

“शक्य न्हाई. त्या सालातले लातूरचे फोटो माझ्याकडं लई येतात. समदे पिवळे पडलेले, तोंडं उडून गेलेली. फोटोला शेवटी जे औषध लावतात ना, ते भरपूर पाण्यानं धुवून काढावं लागतं. न्हाईतर धा-बारा वर्षांत तेच फोटो खाऊन टाकतं. तिकडं प्यायला पाणी नव्हतं, फोटो धुणार कशानं? पण हा बघा, कालच काढल्यावाणी हाय. ह्याला कोणीतरी घागरीच्या घागरी पाणी दाखवलंय.”

मी तिथल्या बाकावर बसले. काकांकडं त्याच वर्षी काढलेला नातवाचा बारशाचा फोटो होता, समोरच्याच स्टुडिओतला. त्यातलं पोर कधीच पिवळं होऊन विरून गेलं होतं. हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात लातूरला गेले. मामा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान, मागच्या घरात मामी होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मी विचारलं तसं त्या शांतपणे सांगायला लागल्या.

“टँकर सात दिवस आला न्हाई आमच्या गल्लीत. हे रोज रस्त्यावर उभे. म्हणायचे, वापरलेल्या पाण्यात धुवायचा न्हाई तो फोटो. आठव्या दिवशी आला, चार घागरी मिळाल्या. तीन ह्यांनी त्या एका फोटोला घातल्या. मी लई भांडले. घरात लेकरं हायेत, प्यायला काय देऊ म्हटलं? तर म्हणाले, धोतर धरलं असतं तर कधीच निघाला असता तो फोटो. मला सुचलं न्हाई. उस्तादानं ढग सांगितला, मी ढगच बघत बसलो. त्या बाईला मी थांबवलं, आता तिचा चेहरा तरी जाऊ देणार न्हाई. दोन दिवस स्वतः पाण्याचा घोट घेतला न्हाई त्यांनी, पोरांसाठी ठेवलं. तुम्ही रागावलात, तरी ते म्हणायचे, ताईचं बरोबर हाय.”

मामींनी पदरानं तोंड पुसलं आणि पुढचं अगदी सहज म्हणाल्या, जसं काही भाजीचा भाव सांगावा.

“मी तर असंबी म्हटलं होतं त्यांना. म्हटलं, ती बाई दोनदा आपल्या घरी आली, दोन्ही डाव मी तांब्या पुढं केला, तिनं तोंडाला लावला न्हाई. आत्ताच पिऊन आले म्हणाली. तिच्यासाठी लेकरांचं पाणी ओतता? तर हसले हो. म्हणाले, तेव्हा घेतलं न्हाई, आता घेऊ दे.”

आमच्यात जातपात मानत नाहीत, असं मी जन्मभर चारचौघांत सांगत आले. अव्वाही सांगायची. मी मान खाली घालून म्हटलं, “अव्वा जुनी होती, मामी.”

“हाव,” मामी म्हणाल्या. “पण तुम्हीबी घेतलं नव्हतं, ताई.”

मी आठवायला लागले. तो तांब्या, त्यावर उपडं घातलेलं फुलपात्र, मामींचा पुढं केलेला हात. आणि माझा आवाज: ऑफिसातून पिऊनच निघाले. दोन्ही वेळा. खरंच की. एवढ्या वर्षांत एकदाही मला ते आठवलं नव्हतं. मला आठवत होती ती मला बघायला लावलेली वाट.

“मामी,” मी म्हटलं, “पाणी द्या मला.”

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून त्यांनी विचारलं, त्यात टोमणा नव्हता, खरोखरच विचारलं, “माठातलं चालंल, का बाटली मागवू?”

“माठातलं.”

त्यांनी तांब्या आणून दिला. मी तोंड लावूनच प्यायले. घाईत निम्मं पाणी गळ्यावरून पदरावर सांडलं, आणि मी ते तसंच पीत राहिले.

“सावकाश, ताई,” मामी म्हणाल्या. “हाय पाणी. अजून देते.”